डेक्कन कॉलेजांतील पोथ्यांचा सरकारी संग्रह

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील एखादी जुनी पोथी ओळखावयाची झाल्यास केवळ ग्रंथाचें नांव सांगून भागत नाहीं. तिचा अंक व सन सांगावा लागतो. ‘अमुक अंक, सन १८७५–७६’ किंवा ‘अमुक अंक, सन १८८७–९१’ अशी ही खूण असते. नवख्या मनुष्यास वाटतें कीं हें पोथी लिहिल्याचें वर्ष असावें. वस्तुतः ती सरकारी संग्रहांत ज्या सालीं दाखल झाली तें हें साल होय. पोथी चारशें वर्षांची असो, कीं मुद्दाम करवून घेतलेली कोरी नक्कल असो, ज्या सालच्या खरेदींत ती आली त्या सालची ती झाली. ही व्यवस्था येरवड्याच्या डेक्कन कॉलेजांत जो संग्रह पूर्वीं होता त्याच्याबरोबर आलेली आहे. तो संग्रह कसा वाढला, त्यांत काय आलें आणि काय आलें नाहीं, याचा विचार ज्यांच्या घरीं पोथ्यांचीं बाडें आहेत त्यांनीं तरी अवश्य करावा, कारण हीं बाडें घरांत ठेवावीं कीं सार्वजनिक ठिकाणीं द्यावीं हा प्रश्न त्यांच्यापुढें केव्हांना केव्हां उभा राहतोच.

संग्रहाचें मूळ विश्रामबागवाड्यांत आहे. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनीं, म्हणजे सन १८२१ मध्यें, दक्षिणेच्या रकमेंतून त्या वाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पाठशाळा म्हटली म्हणजे पोथ्या आल्याच. १८५१ मध्यें ही पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें आणि त्याचेंच पुढें डेक्कन कॉलेज झालें. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्यानें बांधलेली येरवड्याकडील इमारत १८६८ मध्यें उघडली. पाठशाळेच्या पोथ्या ‘विश्रामबाग १’ व ‘विश्रामबाग २’ या नांवांनीं मोठ्या संग्रहांत मिळाल्या. साऱ्या संग्रहांत सालाऐवजीं स्थळाचें नांव धारण करणारा असा हा भाग आहे, आणि पुणेकरांस त्याचा जिव्हाळा वाटावा हें साहजिक आहे.

त्याच १८६८ सालीं लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनीं गव्हर्नर जनरल लॉरेन्स यांस पत्र लिहून संस्कृत ग्रंथांच्या याद्या करविण्याची सूचना केली. व्हिटली स्टोक्स यांनीं त्यावरून योजना आंखली व हिंदुस्थान सरकारनें ती मान्य केली. या सर्व खटाटोपाचें श्रेय बहुधा युरोपियन पंडितांसच दिलें जातें, म्हणून पहिलें पत्र एका लाहोरच्या पंडिताचें होतें हें येथें मुद्दाम नमूद केलें आहे. मुंबई इलाख्यांत तर काम त्यापूर्वींच, १८६६ पासून, सुरू झालें होतें. एल्फिन्स्टन कॉलेजांतील डॉ. ब्यूलर आणि डेक्कन कॉलेजांतील डॉ. कीलहॉर्न हे त्याचे धुरीण. पोथ्या प्रथम मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत ठेवीत. जपणूक अधिक चांगली व्हावी म्हणून त्या नंतर पुण्यास आणल्या.

या दोघांनीं आरंभीं जें केलें तें पुढच्या खरेदीहून कमी महत्त्वाचें नाहीं. त्यांनीं पोथ्या जेथल्या तेथें राहूं देऊन त्यांच्या याद्या छापल्या. दक्षिण भागांतील पोथ्यांची कीलहॉर्न यांची यादी १८६९ मध्यें निघाली. मध्यप्रांतांतील पोथ्यांची १८७४ मध्यें. ब्यूलर यांनीं १८७१ ते १८७३ या काळांत गुजराथ, काठेवाड, कच्छ, सिंध व खानदेश येथील खाजगी पोथीखान्यांची यादी चार भागांत प्रसिद्ध केली. कोणत्या ग्रंथाची प्रत कोणाच्या घरीं आहे हें अशा यादींत सांपडतें. पोथी विकत घेतली म्हणजे ती वांचते खरी, परंतु ज्या घरांत ती होती, तेथें तिच्या शेजारीं जीं दुसरीं पुस्तकें होतीं, ज्या शास्त्र्यानें तीं जमविलीं, त्या सर्वांचा संबंध सुटतो. पुढें सन व अंक हीच पोथीची ओळख झाली आणि घर मागें पडलें. एका घरची विद्या कशी होती हें पाहूं इच्छिणाऱ्यास म्हणूनच या जुन्या याद्या आजही सोडून चालत नाहींत.

ब्यूलर यांच्या दोन प्रवासांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १८७४ मध्यें ते याकोबी या आपल्या तरुण सहकाऱ्यासह जेसलमेरीस गेले. तेथील जैन भांडारांत बिल्हणाचें विक्रमांकदेवचरित ताडपत्रावर मिळालें. भांडारांतील पोथी विकत मिळण्याजोगी नव्हती, तेव्हां दोघांनीं बसून तिची नक्कल केली आणि १८७५ मध्यें काव्य छापून निघालें. कल्याणच्या चालुक्यांच्या इतिहासास एक समकालीन साधन असें हातीं आलें. त्याच १८७५ सालीं ब्यूलर काश्मिरास गेले. तेथून भूर्जपत्रावर शारदा लिपींत लिहिलेल्या पोथ्या, त्यांत ऋग्वेदाची एक, त्यांनीं संग्रहासाठीं आणल्या. त्या प्रवासाचा वृत्तान्त १८७७ मध्यें प्रसिद्ध झाला. संग्रहांत ‘१८७५–७६’ हें साल ज्या पोथ्यांवर आहे त्यांतील मोलाचा भाग तो हाच. ऋग्वेदाच्या या काश्मिरी प्रतीच्या आधारें शेफ्टेलोविट्झ यांनीं खिलसूक्तांवरील आपला ग्रंथ १९०६ मध्यें प्रसिद्ध केला.

ब्यूलर १८८० मध्यें व कीलहॉर्न त्यानंतर लवकरच स्वदेशीं परतले. त्यांच्यामागून पीटर्सन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काथवटे व घाटे यांनीं काम चालविलें. पीटर्सन यांनीं खंबायतच्या शांतिनाथ भांडारांतील ताडपत्रांचें वर्णन केलें. भांडारकरांचे अहवाल निराळ्या धाटणीचे आहेत. ग्रंथाच्या आरंभींचें मंगल, शेवटची पुष्पिका, मध्यें आलेलें एखाद्या राजाचें नांव, यांवरून कालनिर्णय कसा करावा याचा तो वस्तुपाठच आहे. देवगिरीच्या यादवांची हकीकत हेमाद्रीनें आपल्या व्रतखंडाच्या प्रस्तावनेंत दिली आहे. तिच्या निरनिराळ्या प्रती जुळवून ती प्रस्तावना भांडारकरांनीं आपल्या दक्षिणच्या प्राचीन इतिहासास परिशिष्ट म्हणून जोडली. तो इतिहास १८८४ चा. व्रतांच्या पोथींत राजवंश सांपडेल अशी अपेक्षा कोणी केली असती? घरांतील पोथ्या चाळतांना ‘हें काय, व्रतवैकल्याचें बाड’ म्हणून जो ती बाजूस सारतो, त्यानें हें उदाहरण ध्यानांत धरावें.

आतां दुसरी बाजू. पोथ्यांची खरेदी करतांना एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती मिळत. त्यांस दुबार प्रती समजून त्या युरोपांतील ग्रंथालयांस पाठविण्याची सवलत होती. ब्यूलर यांच्या मार्फत जैन ग्रंथांच्या शेंकडों पोथ्या बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयांत गेल्या; वेबर यांनीं त्यांची सूची केली व तिच्याच आधारें जैनांच्या धर्मग्रंथांवर विस्तृत निबंध लिहिला. सुरतेचे भगवानदास केवळदास यांच्या हातून केंब्रिजासही पोथ्या गेल्या. यांत चोरी नव्हती; खरेदी उघड होती, मोबदला दिलेला होता, आणि बर्लिनास गेलेल्या पोथीची निगा उत्तम राहिली हेंही खरें. तथापि मूळ कल्पनाच चुकीची होती असें आमचें मत आहे. छापील पुस्तकाची दुबार प्रत असते. हस्तलिखिताची नसते. प्रत्येक लेखकानें आपली चूक, आपला पाठ, आपला शक व आपलें गांव तिच्यांत ठेवलेलें असतें. महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति तयार करतांना सुमारें साठ प्रतींचा उपयोग करावा लागला. त्यांतील एकही दुबार म्हणून टाकतां आली नसती.

खाजगी संग्रहाचें काय होतें हेंही याच काळांत दिसून आलें. डॉ. हौग हे पूना कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक असतां १८६३–६४ च्या हिवाळ्यांत सरकारतर्फे गुजराथेंत पोथ्या शोधीत हिंडले. त्यांनीं स्वतःसाठींही मोठा संग्रह केला होता. १८७६ मध्यें ते वारल्यावर तो म्यूनिकच्या ग्रंथालयानें घेतला. ब्यूलर यांनीं आपला खाजगी संग्रह १८८८ मध्यें लंडनच्या इंडिया ऑफिसास दिला. भाऊ दाजींचा मात्र मुंबईस एशियाटिक सोसायटींत राहिला. एका पिढींतील तीन संग्राहक, आणि त्यांच्या पोथ्यांचीं ठिकाणें तीन देशांत!

डेक्कन कॉलेजांतील संग्रहाचा लौकिक झाला तो मात्र पोथ्यांच्या संख्येमुळें नव्हे. त्या मागणाऱ्यास मिळत, हें त्याचें कारण. हिंदुस्थानांतील आणि युरोपांतील पंडितांस पोथ्या वापरावयास पाठविण्याचा प्रघात सरकारनें ठेविला होता. शिवाय ब्यूलर व कीलहॉर्न यांनीं १८६८ मध्यें सुरू केलेली मुंबई संस्कृत ग्रंथमाला या संग्रहाच्या बरोबरीनें वाढली. कीलहॉर्न यांचें पातंजल महाभाष्य १८८० ते १८८५ या काळांत तींतच तीन खंडांनीं निघालें. १८८८ मध्यें श्रीधर रामकृष्ण भांडारकर यांनीं तोंपर्यंतच्या सर्व संग्रहांची एकत्र यादी छापली. यादी छापलेली, पोथी मागतां येण्याजोगी, आणि ती मागण्यास कारण घडविणारी ग्रंथमाला चालू, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. आपल्याकडील कित्येक पोथीखाने याहून जुने आहेत, परंतु त्यांच्या पेटाऱ्यास कुलूप असल्यामुळें ते कोणास ठाऊक नाहींत.

मराठी कागदांचा या योजनेंत समावेश नव्हता. शोध संस्कृत व प्राकृत ग्रंथांचा होता. शास्त्र्याच्या घरीं गेलेल्या मनुष्यानें न्यायाची पोथी पाहिली, व्याकरणाची पाहिली. माळ्यावरचे मोडीचे रुमाल पाहण्याचें त्यास कारणच नव्हतें. हे रुमाल सोडण्यास राजवाडे निघावे लागले. वाईस मिळालेल्या कागदांवरून त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला, म्हणजे सरकारी शोध सुरू होऊन तीस वर्षें लोटल्यावर. त्या तीस वर्षांत किती रुमाल वाळवीनें खाल्ले व किती रद्दींत गेले याची गणना कोण करणार? याचा दोष ब्यूलरप्रभृतींस देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांस नेमून दिलेलें काम त्यांनीं उत्तम केलें. दोष आमच्याच लोकांचा, ज्यांस तोंपर्यंत तो कागद इतिहास वाटला नाहीं.

सन १९१७ मध्यें भांडारकर संशोधन मंदिराची स्थापना झाली. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकीर्दींत, ता. १ एप्रिल १९१८ रोजीं, सतरा हजारांहून अधिक पोथ्यांचा हा संग्रह त्या संस्थेच्या स्वाधीन झाला. मालकी सरकारची आणि सांभाळ संस्थेचा, असा हा व्यवहार. १९१९ पासून परशुराम कृष्ण गोडे हे संग्रहाचे क्यूरेटर झाले व १९६१ मध्यें वारले तोंपर्यंत त्यांनीं दुसरें कांहीं केलें नाहीं म्हटलें तरी चालेल. पुष्पिकांवरून ग्रंथकारांचे काळ ठरविणारे शेंकडों लेख त्यांनीं लिहिले. वर्णनात्मक सूचीचे खंडही याच काळांत निघूं लागले. अलंकारशास्त्राचा १९३६ मध्यें व नाटकांचा १९३७ मध्यें, हे दोन्ही गोड्यांचेच. जैन वाङ्मयाचे कापडियांनीं केले. स्वतः डॉ. भांडारकर १९२५ मध्यें निवर्तल्यावर त्यांचा ग्रंथसंग्रहही मंदिरास मिळाला.

ब्यूलर यांनीं काश्मिराहून आणलेल्या पोथ्यांत भूर्जपत्रावरील महाभारताची एक खंडित प्रत होती. तिच्याकडे पन्नास वर्षें फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ मध्यें महाभारताच्या संपादनाचें काम हातीं घेतलें, तेव्हां आदिपर्वासाठीं शारदा लिपीची हीच प्रत सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरली. ते पर्व १९३३ मध्यें पुरें झालें. सबंध ग्रंथ १९६६ मध्यें. पोथी संग्रहांत घेणाऱ्यानें तिचा उपयोग आपल्या हयातींत दिसेल अशी अपेक्षा करूं नये, हें यावरून उघड आहे.

ता. ५ जानेवारी २००४ रोजीं मंदिरावर जमावानें हल्ला केला. ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. अशा प्रसंगानंतर काय गेलें व काय राहिलें हें ताडून पाहण्यास सन-अंकाच्या याद्यांवांचून दुसरें साधन नसतें. मंदिरांतील ऋग्वेदाच्या तीस पोथ्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत २००७ मध्यें झाली. ब्यूलर यांनीं काश्मिराहून आणलेली ऋग्वेदाची भूर्जपत्री प्रत त्यांतलीच.

डेक्कन कॉलेज सरकारनें १९३४ मध्यें बंद केलें. पोथ्या १९१८ मध्यें तेथून हलल्या नसत्या तर त्यांची काय दशा झाली असती हें सांगतां येत नाहीं. कोर्टकचेरीनंतर १९३९ मध्यें कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हां उघडलें, आणि १९९० मध्यें त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्या १९३९ सालीं तें पुन्हां उघडलें त्याच सालीं दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांचा साताऱ्याचा ऐतिहासिक संग्रह तेथें आणण्यांत आला. ज्या इमारतींतून संस्कृत पोथ्या गेल्या, तींत एकवीस वर्षांनीं मराठ्यांचे कागद व चित्रें आलीं. त्यामुळें विश्रामबागवाड्यांतील पोथी पाहावयाची तर भांडारकर रस्त्यानें जावें लागतें, आणि पारसनिसांचे कागद पाहावयाचे तर येरवड्यास.