१७५३ च्या आधी काही घडलंच नाही?

मंडळी, एसक्यूएल सर्व्हर हाताशी असेल तर एक गंमत करून बघा. टेबलमध्ये 'डेटटाइम' प्रकारचा कॉलम ठेवा आणि दोन घटना भरा: पानिपत, '१४/०१/१७६१' आणि शिवराज्याभिषेक, '०६/०६/१६७४'. लॉगिनची भाषा अमेरिकन इंग्लिश असेल तर दोन्हींना एकच एरर येते, क्रमांक २४२: मजकुराची तारीख करताना किंमत मर्यादेबाहेर गेली. एरर एक, दुखणी मात्र दोन.

पानिपतचं दुखणं साधं आहे. अमेरिकन सेटिंग महिना आधी वाचतं आणि चौदावा महिना नसतो. खरं तर एरर आली हे नशीबच. '०५/०६' असतं तर ५ जूनचा गुपचूप ६ मे झाला असता. तारीख '१७६१०११४' अशी सलग लिहा, काम होतं. (मध्ये रेघा दिल्यात तर ब्रिटिश सेटिंगमध्ये डेटटाइम पुन्हा महिना-दिवसाची अदलाबदल करतं!)

राज्याभिषेकाला हा उपाय लागू पडत नाही. '१६७४०६०६' लिहा, तरी तीच एरर, कारण डेटटाइमचं जगच १ जानेवारी १७५३ ला सुरू होतं.

हे १७५३ आलं कुठून? ब्रिटिश पार्लमेंटच्या एका कायद्यातून. ब्रिटन १७५२ पर्यंत ज्युलियन कॅलेंडर पाळत होतं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, मधले ११ दिवस गायब. शिवाय त्याआधी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं! अशा काळातल्या दोन तारखांची वजाबाकी करणार कशी? एसक्यूएल सर्व्हर ज्यातून जन्मला त्या सायबेसच्या मंडळींनी हा घोळ सरळ दाराबाहेर ठेवला. मला तरी हे प्रामाणिकपणाचं वाटतं.

पुढे २००८ च्या आवृत्तीत 'डेट' आणि 'डेटटाइम२' आले. त्यांना इ.स. १ पासूनचं सगळं चालतं, त्यामुळे राज्याभिषेक बिनबोभाट आत जातो. आता त्याला वार विचारा. उत्तर येतं बुधवार. पण तो शनिवार होता! मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता, त्याचा ६ जून ज्युलियन. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन कधीच स्वीकारलं होतं, त्यांच्या लेखी तोच दिवस १६ जून. डेटाबेस मात्र ग्रेगोरियनच मागे ताणत नेतो आणि १० दिवसांनी चुकतो, तेही एररशिवाय.

म्हणून माझ्या मते जुन्या तारखेला तीन कॉलम हवेत: कागदावर होती तशी तारीख (साधा मजकूर), तिचं कॅलेंडर, आणि रूपांतर केलेली 'डेट'. क्वेरी आणि वजाबाकी फक्त तिसऱ्यावर. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियनच आहे, तिसऱ्या कॉलमात ती १ मार्च होते. पानिपतला मात्र रूपांतर नको. १७६१ पर्यंत इंग्रजही ग्रेगोरियनवर आले होते.