मिंबरावरचा कागद

सादरीकरण शिकवणारा जवळपास प्रत्येक जण आज बजावतो, कागद पाहून वाचू नका, श्रोते हातचे जातील. नोकरीतल्या माणसाला हा नियम इतका पाठ असतो की कागदाकडे नजर गेली तरी अपराध्यासारखे वाटते. लखनौच्या इतिहासात मात्र या नियमाला छेद देणारा भक्कम पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकात या शहरात जे बोलणे सर्वोत्तम मानले गेले, ते कागद हातात धरूनच होत असे. १७७५ मध्ये आसफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली, इमामबाडे उभे राहिले आणि मोहरमच्या मजलिसींमधून, म्हणजे शोकसभांमधून, करबलाच्या ६८० सालच्या संहाराचे शोककाव्य, म्हणजे मर्सिया, ऐकवण्याची कला बहरली. ते सुरांत गाणारे सोजख्वान होतेच. पण मीर अनीस (मृत्यू १८७४) आणि मिर्झा दबीर (मृत्यू १८७५) यांची कीर्ती झाली ती गाण्याचा आधार सोडून, नुसत्या बोलण्याच्या चालीत केलेल्या वाचनाने. त्याला तहतुल्लफ्ज म्हणत. आपल्या कीर्तनकाराला टाळ, मृदंग आणि धृपदिये असतात; इथे आवाज, चेहरा, हात आणि कागद, एवढेच.

मर्सिया अनेकदा शंभराहून अधिक बंदांचा, म्हणजे कडव्यांचा, असे आणि प्रत्येक बंद सहा ओळींचा. पहिल्या चार ओळी एका यमकाच्या, शेवटच्या दोन वेगळ्या. भाव चार ओळींत चढत जातो आणि शेवटच्या दोन ओळींत तो नेमका येऊन ठेपतो. दाद किंवा हुंदका तिथेच उमटतो. म्हणजे श्रोत्याने कुठे श्वास घ्यायचा, हे रचनेतच ठरलेले असे. मोठ्या रचनेतही हेच दिसते: आधी प्रस्तावना, मग वीराचे वर्णन, निरोप, रणात आगमन, युद्ध, हौतात्म्य आणि शेवटी विलाप. शिवाय मर्सियाआधी रुबाया आणि सलाम या छोट्या रचना म्हटल्या जात, तेवढ्यात सभा स्थिरावे. वाचणारा मिंबरावर, म्हणजे पायऱ्यांच्या उंच आसनावर, बसलेला असल्याने येरझाऱ्यांना वावच नव्हता. बोटाचा, भुवईचा छोटासा इशाराही त्यामुळे मोलाचा ठरे. अनीस आरशासमोर बसून हावभावांचा सराव करत, अशी जुन्या आठवणींत नोंद आहे. मला ती महत्त्वाची वाटते. वाचन कागदावरूनच होणार असूनही तयारी इतकी कसून केली जाई. ज्याने मजकूर आधीच अंगी मुरवला आहे, त्याच्या हातातला कागद अडसर होत नाही.

यावर कोणी म्हणेल, मजलिसीतले श्रोते श्रद्धेने आलेले, रडायला आधीच तयार. कचेरीतल्या कंटाळलेल्या सभेशी त्यांची तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. कथेचा शेवट त्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असे, त्यामुळे उत्सुकतेचा आधार वाचणाऱ्याला मुळीच नव्हता. आणि लखनौचे श्रोते चोखंदळ होते. अनीसिये आणि दबीरिये असे दोन पक्ष पडले, वाद इतका लांबला की दोघांच्या मृत्यूनंतरही १९०७ मध्ये उर्दू समीक्षक शिबली नोमानींनी दोघांच्या तुलनेवर आख्खा ग्रंथ लिहिला. दुसरा आक्षेप घराण्याचा: अनीसांचे आजोबा मीर हसन आणि वडील मीर खलीक दोघेही कवी, मग ही देणगी रक्तातलीच नव्हे का? घराण्याने कान तयार केला असणार, यात शंका नाही. पण घरात शिकले जाते तेही शिक्षणच, आणि ही विद्या घराबाहेरच्या शागिर्दांपर्यंतही पोचत होती. १८५६ मध्ये नवाबी गेली, आश्रयदाते विखुरले, तेव्हा अनीस लखनौबाहेरही वाचू लागले, १८७१ मध्ये तर हैदराबादपर्यंत गेले. शहर बदलले, श्रोते नवे, तरी मिंबरावर हातात कागद होताच.