रिकामी चौकट आणि शून्य : माहितीच्या पडताळणीचा एक छोटा इतिहास

काही वर्षांपूर्वी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण संगणकावर भरण्याचे काम आमच्या विभागाकडे आले. ज्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा व्हायची होती त्यांच्या चौकटी आम्ही रिकाम्या ठेवल्या. कागदी तक्त्यात वर्षानुवर्षे आम्ही तसेच करत आलो होतो. निकालपत्रक हाती आले तेव्हा त्या प्रत्येक चौकटीत शून्य होते. 'अजून कळायचे आहे' आणि 'काहीच मिळाले नाही' या दोन विधानांतले अंतर एका विद्यार्थ्याच्या वर्षाएवढे असू शकते, हे कोणाही शिक्षकाला सांगावे लागत नाही. दुरुस्तीसाठी आम्ही बरेच हेलपाटे घातले. अखेर ती प्रणाली सांभाळणाऱ्या तरुणाने खुलासा केला. जावास्क्रिप्ट या भाषेत रिकाम्या मजकुराचे संख्येत रूपांतर करायला सांगितले की ती निमूटपणे शून्य देते. आणि भरलेली माहिती साठवणीत जाण्यापूर्वी 'हे खरोखर गुण आहेत का?' असे विचारणारा पहारेकरी मध्ये कोणी ठेवलाच नव्हता.

हा पहारेकरी कोण, तो कधीपासून आहे, आणि त्याला कोणाला आत सोडायचे हे कोण शिकवते, या कुतूहलातून आम्ही मराठीचे अध्यापक या विषयाच्या नादी लागलो. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले. जावास्क्रिप्टमध्येही 'नल', 'अनडिफाइन्ड', रिकामा मजकूर आणि मुळात नसलेला रकाना अशा अभावाच्या चार तऱ्हा आढळतात, ही गंमत आम्हांला तेव्हा कळली. पण शास्त्रकारांनी अभावांची लक्षणे दिली होती. येथे मात्र ती ज्याची त्याने द्यायची असतात. हे लक्षण लिहून ठेवण्याच्या रीतीलाच संगणकाच्या जगात 'स्कीमा' म्हणतात. अमुक रकाना संख्येचा, अमुक सक्तीचा, अमुक शून्य ते वीस यांच्या दरम्यानचा असे आधी लिहून ठेवायचे, आणि आलेली प्रत्येक नोंद त्या आराखड्याशी ताडून पाहायची, ही झाली पडताळणी.

साहित्याच्या वाचकांना आश्चर्य वाटेल, पण या रीतीचा एक मोठा उगम आकड्यांत नसून दस्तऐवजांत आहे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी हे तिघे वकिली कार्यालयातील कागदपत्रे संगणकावर कशी हाताळावीत या प्रश्नावर काम करत होते. गोल्डफार्ब स्वतः वकील. मजकूर कसा दिसावा हे न सांगता तो काय आहे हे सांगावे, म्हणजे हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप अशा खुणा कराव्यात, हा विचार त्यातून पुढे आला. त्यांच्या 'जीएमएल' या खूणभाषेची आद्याक्षरे या तिघांच्या आडनावांचीही आहेत. १९८६ मध्ये तिचेच विकसित रूप 'एसजीएमएल' हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात 'डीटीडी' नावाची सोय होती : या प्रकारच्या दस्तऐवजात कोणते घटक येतील, कोणत्या क्रमाने येतील, कशाच्या पोटात काय असेल, याचे आधीच लिहिलेले व्याकरण. साहित्याच्या अभ्यासकांनी ही कल्पना लगेच उचलली. संहितांचे संगणकीय रूप ठरवण्यासाठी १९८७ मध्ये सुरू झालेला 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' हा उपक्रम याच व्याकरणावर उभा राहिला. कडवे कवितेत येते, कविता कडव्यात येत नाही, ही आपल्याला सहज वाटणारी गोष्ट यंत्राला प्रथम अशी सांगितली गेली.

पुढे महाजालाने मात्र या शिस्तीकडे पाठ फिरवली. एचटीएमएलमध्ये एखादी खूण उघडून बंद करायची राहिली तरी ब्राउझर ती चूक पोटात घालून पान दाखवत असे. महाजाल इतक्या वेगाने पसरले त्यात या क्षमाशीलतेचा वाटा मोठा आहे. तिची प्रतिक्रिया म्हणून १९९८ मध्ये 'एक्सएमएल' आली. एक खूण चुकली तरी वाचन तेथेच थांबवावे, असा तिचा नियम. तिच्या पडताळणीसाठी २००१ च्या मे महिन्यात डब्ल्यूथ्रीसीने 'एक्सएमएल स्कीमा' प्रसिद्ध केला. तो समर्थ होता, पण इतका अवजड की त्याच वर्षी जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांना 'रिलॅक्स एनजी' हा सुटसुटीत पर्याय पुढे आणावासा वाटला. व्याकरण भाषेपेक्षा जड झाले की लोक व्याकरण टाकून देतात. येथेही तेच झाले.

ज्या भाषेच्या आश्रयाने ही बंडखोरी झाली ती जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत तिचे पहिले रूप दहा दिवसांत उभे केले. ती पानांत थोडी हालचाल आणण्यासाठी होती. म्हणून शक्यतो तक्रार न करता काहीतरी अर्थ लावून पुढे जाणे हा तिचा स्वभाव. मजकुरातल्या '२' मध्ये संख्येतला १ मिळवला तर ती '२१' देते. आणि वर सांगितल्याप्रमाणे रिकाम्या चौकटीचे शून्य करते. एखाद्या आतिथ्यशील यजमानाने आलेल्या पाहुण्याचे नावही न विचारावे, तसा हा प्रकार.

२००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भाषेतील महिरपी आणि चौकोनी कंसांची लेखनपद्धती उचलून ती संगणकासंगणकांमधील निरोपांसाठी वापरली. तिला 'जेसॉन' हे नाव मिळाले आणि २००२ मध्ये तिचे संकेतस्थळ निघाले. आपण ही पद्धती घडवली नाही, ती भाषेत आधीच होती, आपण ती शोधून काढली, असे क्रॉकफर्ड सांगत आले आहेत. तिचे सारे व्याकरण एका छोट्या पत्रकावर मावते. टिपा लिहिण्याची सोय त्यांनी मुद्दाम काढून टाकली, कारण लोक टिपांच्या आडून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला खासगी सूचना देऊ लागले होते. तिला आवृत्तीक्रमांकही दिला नाही, कारण ती पुढे बदलूच नये असा हेतू होता. २००६ मध्ये तिचे वर्णन आरएफसी ४६२७ म्हणून नोंदले गेले आणि दशकभरात तिने महाजालावरच्या देवाणघेवाणीतून एक्सएमएलला बऱ्याच अंशी बाजूला सारले.

पण या सुटसुटीतपणाची किंमत होती. आरंभी जेसॉन वाचण्याचा सोपा मार्ग म्हणजे आलेला मजकूर 'इव्हॅल' या आज्ञेच्या हवाली करणे. म्हणजे परक्याने पाठवलेले पत्र वाचण्याऐवजी त्याची अंमलबजावणीच करणे. पत्रात खोडसाळ आज्ञा असेल तर तीही पाळली जाई. २००९ च्या डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्टच्या पाचव्या मानकाने जेसॉन नुसते वाचण्याची सुरक्षित सोय भाषेतच आणली. तरीही एवढेच कळे की वाक्य व्याकरणशुद्ध आहे. ते अर्थपूर्ण आहे का, त्यात गुणांच्या जागी गुण आणि नावाच्या जागी नाव आहे का, हे विचारणारा पहारेकरी नव्हताच.

म्हणून ज्या ओझ्याला कंटाळून एक्सएमएलचे घर सोडले होते, ते ओझे दशक उलटण्याच्या आत नव्या घरी हजर झाले. त्याच २००९ च्या डिसेंबरमध्ये क्रिस झिप यांनी 'जेसॉन स्कीमा'चा पहिला मसुदा आयईटीएफपुढे ठेवला. त्याची खुबी अशी की आराखडा स्वतः जेसॉनमध्येच लिहायचा. त्याची वृत्तीही जावास्क्रिप्टसारखीच उदार होती. रिकामा आराखडा सर्व काही स्वीकारतो. नोंदीत अनपेक्षित रकाना आला तर, स्पष्ट मनाई नसल्यास, तो चालतो. एखादा रकाना आलाच नाही तरी, तो सक्तीचा म्हणून नोंदवला नसल्यास, हरकत नाही. 'किमान शून्य, कमाल वीस' असा नियम लिहिला आणि 'ही संख्याच असावी' हे लिहायचे राहिले, तर त्या चौकटीतला 'उत्तम' हा शब्दही बिनबोभाट पुढे जातो, कारण संख्येचा नियम संख्येलाच लागू. थोडक्यात, हा आराखडा वस्तूचे वर्णन करत नाही. तो फक्त मनाया सांगतो. जे निषिद्ध नाही ते संमत. नवख्यांची जास्तीत जास्त फसगत येथेच होते.

या मसुद्यांचा प्रवासही बोधप्रद आहे. तिसऱ्या मसुद्यात 'सक्तीचा' हा गुण त्या त्या रकान्याच्या अंगी लिहीत. २०१३ च्या चौथ्या मसुद्यात सक्तीच्या रकान्यांची यादी संपूर्ण नोंदीच्या अंगी लिहू लागले. बदल किरकोळ दिसतो, पण विचार मोठा आहे. एखादी गोष्ट हवीच की नको हे त्या गोष्टीवरून ठरत नाही, ती ज्यात यायची त्या समग्रावरून ठरते. नंतर तीनेक वर्षे काम जवळजवळ थंडावले. पुढच्या मंडळींनी ते हाती घेऊन २०१७ मध्ये सहावा मसुदा आणि पुढे डिसेंबर २०२० ची आवृत्ती काढली. दरम्यान २०१५ मध्ये एव्गेनी पोबेरेझ्किन यांनी 'एजेव्ही' ही लायब्ररी लिहिली. ती आराखडा दर वेळी वाचत बसत नाही. एकदाच वाचून त्यापासून पडताळणीचे जावास्क्रिप्ट फंक्शन तयार करते. म्हणून ती वेगवान ठरली आणि सर्वदूर पसरली. वॉलमार्ट लॅब्जमध्ये जन्मलेल्या 'जॉय'ने वेगळी वाट धरली होती. तेथे आराखडा स्वतंत्र दस्तऐवज न राहता प्रोग्रॅमचाच भाग झाला.

२०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या टाइपस्क्रिप्टने अनेकांना वाटले की आता प्रश्न मिटला. प्रोग्रॅम लिहितानाच 'गुण ही संख्या' असे सांगता येऊ लागले. परंतु ही जातिलक्षणे प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच पुसली जातात. बाहेरून आलेला जेसॉन संख्या आहे असे लेखकाने म्हटले तर ते केवळ त्याचे म्हणणे, पुरावा नव्हे. २०१९ मध्ये अलेक्सिस किंग यांच्या एका गाजलेल्या निबंधाने नेमका मुद्दा मांडला : माहिती तपासून ती जशीच्या तशी पुढे ढकलू नये, तिचा अन्वय लावून, तपासातून मिळालेले ज्ञान जिच्या रूपातच दिसेल अशी नवी वस्तू करावी. त्यांची उदाहरणे हॅस्केल भाषेतली होती, पण वारे सगळीकडेच वाहत होते. २०२० मध्ये कॉलिन मॅकडॉनेल यांनी आणलेल्या 'झॉड'मध्ये आराखडा एकदाच लिहायचा. त्यावरून चालू प्रोग्रॅममधला पहारा आणि टाइपस्क्रिप्टचे जातिलक्षण दोन्ही मिळतात. तरी तेथेही 'कसेही करून संख्या बनव' अशी सवलत मागितली तर रिकाम्या चौकटीचे पुन्हा शून्यच होते. हत्यार सुधारले; विसरण्याची मुभा तशीच राहिली.

या सगळ्या इतिहासात दोन वृत्तींचे भांडण दिसते. १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी इंटरनेटच्या नियमावलीत एक शहाणपण नोंदवले होते : आपण पाठवताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार. संतांच्या तोंडी शोभावे असे हे वचन अनेक दशके प्रमाण मानले गेले. पण उदारपणे स्वीकारलेल्या चुका रूढ होतात, आणि मग प्रत्येकाला त्या पाळाव्या लागतात. २०२३ च्या आरएफसी ९४१३ ने या तत्त्वाच्या अशा दुष्परिणामांची सविस्तर चिकित्सा केली आहे. आमच्या शून्यांच्या बाबतीत यंत्र उदार होते, म्हणूनच विद्यार्थी नापास झाले. त्या दिवशी कठोर पहारेकरी हाच दयाळू ठरला असता. त्याने चौकट परत आमच्याकडे पाठवली असती.

तर मग कठोरपणाचाच जयजयकार करावा का? तसेही नाही. नावात फक्त अक्षरे असावीत, असा साधा नियम घ्या. जावास्क्रिप्टमध्ये शब्दातील अक्षरांसाठी जे जुने चिन्ह आहे, त्याला इंग्रजी वर्णमाला, अंक आणि अधोरेखा एवढेच माहीत. त्याच्या लेखी देवनागरी नाव हे नावच नव्हे. २०१८ च्या मानकात युनिकोडमधील कोणत्याही लिपीचे अक्षर ओळखण्याची सोय आली आणि सद्‌हेतूने अनेकांनी ती वापरली. पण युनिकोडच्या वर्गीकरणात आपल्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही 'अक्षरे' नव्हेत, 'चिन्हे' आहेत. त्यामुळे चिन्हांचा वर्ग वेगळा जोडायचा राहिला तर कमल, मदन आत जातात. मीरा आणि सुनील दारात अडतात. लांबीची मर्यादाही अशीच. 'क्षितिज' आपल्याला तीन अक्षरांचे, यंत्राला सात संकेतांचे. यात दुष्टावा कोणाचाच नाही. आराखडा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी माणसे होती तेवढीच त्यात मावली, इतकेच.

आणि जग आराखड्यासाठी थांबत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. पिढ्यान्‌पिढ्या तीन खणांत बसवलेले नाव चार खणांचे झाले. जुनी नावे चुकीची ठरली नाहीत, नवी जुन्या चौकटीत मावत नाहीत. दोन्ही आराखडे एकाच वेळी खरे. स्त्रियांच्या लढ्यातून आलेला हा बदल कुठल्याशा प्रोग्रॅममध्ये एक ओळ होऊन उतरावा लागतो, आणि ती ओळ लिहायची राहिली तर आईचे नाव पुन्हा बाहेर.

म्हणून पडताळणी ही केवळ तांत्रिक बाब आहे असे आम्हांस वाटत नाही. तिच्या इतिहासाने एवढे दाखवले की पहारेकरी हाकलून देता येत नाही. एका दारातून घालवला की दुसऱ्या दारात उभा करावाच लागतो. प्रश्न उरतो तो त्याच्या हातातली यादी कोणी लिहिली आणि ती शेवटची कधी वाचली, हा. आमच्या विभागात आता गुण भरताना रिकामी चौकट चालत नाही. 'अनुपस्थित', 'प्रलंबित' किंवा संख्या यांपैकी एक निवडावे लागते. ही यादी करताना तो तरुण आमच्या शेजारी दोन दुपारी बसला होता आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत होता. कोश करणाऱ्याने बोलणाऱ्याशेजारी बसावे, तसा.