काइटसर्फिंग : दोरी सोडण्याची विद्या

गिरगावातील खोताच्या वाडीतून चौपाटी अवघ्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. लाकडी जिने आणि व्हरांडे असलेल्या या जुन्या वस्तीत उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरचा वारा शिरतो, तेव्हा मोठा पतंग बांधून समोरच्या खाडीतच पाण्यावर स्वार व्हावे, असे सुट्टीत परदेशी किनाऱ्यावर काइटसर्फिंग पाहून आलेल्याला वाटणे स्वाभाविक आहे. तो विचार मनातच ठेवावा, हे उत्तम. वारा पुरेसा आहे की नाही, एवढ्यावर हा खेळ ठरत नाही; तो कोठून येतो आणि कोठे नेऊन टाकतो, यावर ठरतो.

कमरेच्या पट्ट्याला जोडलेल्या पतंगाच्या ओढीने, पायांत फळी अडकवून, पाण्यावरून सरकत जाणे म्हणजे काइटसर्फिंग. पतंगाच्या बळावर नावा ओढण्याचे प्रयोग जुने असले, तरी खेळाला आजचे रूप आले ते फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर. ब्रुनो व दोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ साली हवा भरून फुगवायच्या पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पाण्यात पडला तरी न बुडता पुन्हा आकाशात चढवता येईल, हे त्याचे वैशिष्ट्य. १९९० च्या दशकाच्या अखेरीस खेळ जगभर पसरला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला. त्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. सिंगापूरच्या मॅक्स मेडर या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कांस्यपदक मिळवले.

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्या गिरगावकराला यातले बरेच ओळखीचे वाटेल. पण एक गोष्ट नेमकी उलटी आहे. गच्चीवर दोरी हातातून सुटली की पतंग गेला. येथे संकटात हात सोडणे हीच सुटका. पतंगाच्या चार दोऱ्या, प्रत्येकी वीस-पंचवीस मीटर लांबीच्या, एका दांड्याला बांधलेल्या असतात. दांडा स्वतःकडे ओढला की पतंगाची ताकद वाढते, सोडला की ती ओसरते. घाबरलेला नवशिका दांडा घट्ट धरून छातीशी ओढतो आणि अधिकच फरफटत जातो. दांडा सोडूनही भागले नाही, तर कमरेशी असलेली तातडीची कळ दाबून पतंग निकामी करायचा असतो. ती कळ डोळे मिटूनही सापडली पाहिजे. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी हेच पुन्हा पुन्हा करून घेतो. तो पाण्यात उतरवत नाही म्हणून कुरकुर करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

त्यानंतरचा क्रम ठरलेला असतो. आधी वाळूवर लहान पतंग, मग फळीशिवाय केवळ शरीर पाण्यातून ओढून घेणे, पडलेला पतंग उठवणे आणि शेवटी फळीवर उभे राहणे. याला साधारण दहा-बारा तासांचे शिक्षण लागते. वाऱ्याच्या उलट दिशेला तिरके जात निघाल्या जागी परत येणे जमेपर्यंत मात्र कोणी स्वतंत्र झाला असे समजू नये. बारा ते पंचवीस नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ ते ४६ किलोमीटर वारा या खेळाला चालतो. नवशिक्याने या कक्षेच्या खालच्या टोकालाच राहावे, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ चौपट होते.

मोरोक्कोतील एसाविरा या अटलांटिक किनाऱ्यावरील गावाला याच कारणासाठी शिकाऊंची पसंती असते. पोर्तुगीजांनी १५०६ मध्ये जेथे किल्ला बांधला, तेच हे जुने मोगादोर. उन्हाळ्यात उत्तरेकडचा व्यापारी वारा तेथे किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो आणि समोरचे बेट लाटा अडवते. पडलेला माणूस खुल्या समुद्रात न जाता पुढच्या वाळूला लागण्याची शक्यता त्यामुळे अधिक. तरीही गावाच्या भिंतींजवळ वारा झटक्याझटक्याने येत असल्याने जाणकार दक्षिणेला सरकतात.

गिरगावची खाडीही अर्धचंद्राकृतीच. पण येथे पश्चिमेला मलबार हिल आणि तिच्यावरच्या उंच इमारती आहेत. वायव्येचा वारा त्यांच्यावरून येतो तेव्हा तो फाटलेला असतो. अडथळ्याच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत असा वारा कधी पडतो, कधी उसळतो. त्याच्या पुढच्या टोकाला मरीन ड्राइव्हचे काँक्रीटचे टेट्रापॉड आहेत. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वारा सरळ किनाऱ्यावर आपटतो, आणि वाळूवर तर बाराही महिने माणसे असतात. पतंग उभारताना वाऱ्याच्या पुढच्या दिशेला किमान पन्नास मीटर मोकळी जागा लागते. चौपाटीवर ती कोठून आणणार?

मुंबईकराला जवळचा पर्याय गोव्याचा. उत्तर गोव्यात मोरजीच्या परिसरात साधारण फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतर वारा धरतो आणि तेथे शिकवणारेही आहेत. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तेव्हा राखीव पट्ट्यात पतंग पसरू नये. अधिक स्थिर वारा व उथळ, सपाट पाणी हवे असेल तर रामेश्वरम गाठावे. तेथे उन्हाळी नैर्ऋत्य आणि हिवाळी ईशान्य असे दोन मोसम मिळतात. शिक्षकाकडे इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशनचे किंवा तत्सम मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. शिरस्त्राण आणि तरंगते जाकीट न देणाऱ्याकडून, दर कितीही कमी असला तरी, परत फिरावे.