औटकी कुठे गेली? मराठी मुलांच्या पाढ्यांचा इतिहास

(१) अल्पकाळ सत्ता भोगणाऱ्याला मराठीत ‘औटघटकेचा राजा’ म्हणतात. हा ‘औट’ क्रिकेटमधला नव्हे. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ या शब्दाचे प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झाले आणि मराठीत ‘औट’. अर्थ, साडेतीन. एक घटका २४ मिनिटांची, म्हणून या राजाचे राज्य अवघ्या ८४ मिनिटांचे. वाक्प्रचार टिकला, पण ज्या पाढ्यामुळे हा शब्द एके काळी आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या जिभेवर असे, तो ‘औटकी’चा पाढा विस्मृतीत गेला. हा थ्रेड त्या पाढ्याविषयी, आणि तो ज्यांना कधीच शिकायला मिळाला नाही त्यांच्याविषयी.

(२) पंतोजींची शाळा एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळात भरे. मुले धूळपाटीवर अक्षरे व अंक गिरवीत आणि पुढे मोडी वाचन-लेखन व हिशेब शिकत. पूर्णांकांचे पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे सुरू होत : पावकी (पावपट), निमकी (अर्धी पट), पाऊणकी (पाऊणपट), सवायकी (सव्वापट), दिडकी (दीडपट), अडीचकी (अडीचपट) आणि औटकी (साडेतीनपट). एक मुलगा पुढे म्हणे, बाकीचे त्याच्यामागून एका सुरात म्हणत.

(३) शिक्षण शाळेपाशी संपत नसे. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुले देवासमोर बसत आणि ‘परवचा’ म्हणत. त्यात स्तोत्रांच्या जोडीने पाढेही असत. चूक झाली तर आजोबा किंवा वडील जागेवरच थांबवीत. गणिताची उजळणी हा त्या घरांतला रोजचा संस्कार होता.

(४) इतके अपूर्णांक कशासाठी? उत्तर बाजारात सापडते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे एका रुपयाचे ६४ पैसे. मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर. ही मापे निम्म्याने आणि चौथाईने विभागली जातात. रुपयाची निमकी आठ आणे, पावकी चार आणे, पाऊणकी बारा आणे; मणाची निमकी वीस शेर, पावकी दहा शेर. नाण्यांची नावेही तशीच : अधेली म्हणजे अर्धा रुपया, पावली म्हणजे पाव.

(५) उदाहरण घेऊ. सव्वा रुपया शेर या भावाने सात शेर तूप घ्यायचे आहे. सवायकी पाठ असलेल्या मुलाला साताच्या घरातले ‘पावणेनऊ’ तत्काळ आठवे, आणि पावणेनऊ रुपये म्हणजे आठ रुपये बारा आणे. कागद नाही, पाटी नाही. दुकानदार नाणी मोजून घेईपर्यंत हिशेब पडताळून झालेला असे.

(६) गणित आणि मापे यांची ही सांगड फार जुनी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ. स. ११५०च्या सुमारास) आरंभीच नाण्यांची कोष्टके देते : वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. आधी व्यवहाराची मापे सांगायची आणि मग त्यांवर उदाहरणे घालायची, हा क्रम मराठी शाळेनेही पाळला.

(७) १८२२ मध्ये मुंबईत शालेय पुस्तके आणि शाळा यांसाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे चिटणीस जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञाने शाळकरी मुलांसाठी अंकगणित लिहिले. पाठांतराच्या शेजारी आता छापील नियम, रीत आणि फळ्यावरचे स्पष्टीकरण आले. सवायकीतले उत्तर पावणेनऊच का, हे विचारायला आणि सांगायला वर्गात जागा झाली.

(८) तरीही एक प्रश्न उरतो. हे गणित कोणाच्या घरात होते? पंतोजींच्या ओसरीवर मुख्यतः ब्राह्मण व व्यापारी घरांतली मुले दिसत. मुली जवळजवळ नव्हत्याच. कुणबी घरांतली मुले थोडी, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तर ती पायरी चढण्याचीही मुभा नव्हती. ज्या घरात परवचा नव्हता, त्या घरालाही कर्ज घ्यावे लागे, व्याज द्यावे लागे आणि मोडीतल्या कागदावर अंगठा उठवावा लागे.

(९) १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातले सुपे. आठवडी बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावाचे मुख्य लक्ष्य होते सावकारांकडचे कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या मिळवून जाळण्यात आल्या. उठावामागे सारावाढ, कापसाच्या तेजीनंतर आलेली मंदी आणि आटलेला पतपुरवठा अशी अनेक कारणे होती. पण रागाचा रोख वहीवर होता, हे विसरता येत नाही. ती वही ऋणकोला वाचता येत नव्हती आणि तिच्यातली बेरीज त्याला तपासता येत नव्हती.

(१०) सरकारने १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. कर्जाचे कागद अधिकृत निबंधकासमोर व्हावेत, ऋणकोला पावती व हिशेबाचा उतारा मिळावा, अशा तरतुदी त्यात होत्या. तीन वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हे त्यांनी त्यात नेमकेपणाने सांगितले : मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्याचे पाठ. मोडी आणि हिशेब ही जोडी सुप्याची आठवण ठेवून वाचली, की तिचे महत्त्व उमगते. कायदा हिशेबाचा उतारा हातात देणार होता. तो वाचण्याची ताकद शाळेनेच द्यायची होती.

(११) औटकीचा अस्त झाला तो १ एप्रिल १९५७ नंतर. त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि लिटर आले. फरक पाहा. ३ रुपये ७ आणे २ पैसे यांची पाचपट करायची, तर आधी १० पैशांचे २ आणे २ पैसे, मग ३७ आण्यांचे २ रुपये ५ आणे, आणि उत्तर १७ रुपये ५ आणे २ पैसे. पैशांचे आणे करताना चाराने भागायचे, आण्यांचे रुपये करताना सोळाने. नव्या पद्धतीत ३ रुपये ४७ पैशांची पाचपट साध्या गुणाकाराने १७ रुपये ३५ पैसे येते. हातचा सर्वत्र दहाचाच. पहिल्यांदाच हिशेबाची दुकानातली रीत आणि पाटीवरची रीत एक झाली. ज्या मुलाच्या घरी पाऊणकी म्हणवून घेणारे कोणी नव्हते, त्याच्यासाठी हा बदल मोठाच होता.

(१२) २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन छापले गेले, आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, ६३ लिहिताना सहा. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसाचे नाव असते आणि लिहायचे असतात २९. लहान मुलांची ही अडचण गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मांडली. भाषेची समृद्धी हरवेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंचा विचार करताना जुनाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो : घरी उजळणी घेणारे कोणी नाही, त्या मुलाचे काय?

(१३) औटकी परत येणार नाही, आणि आजच्या मापांना तिची गरजही नाही. मात्र पाव किलो, दीड लिटर, सव्वाशे, अडीचशे, पावणेदोनशे हे शब्द अजून प्रत्येक मराठी घरात रोज उच्चारले जातात. त्यांसाठी ओसरी लागत नाही, मोडी लागत नाही, जातही लागत नाही. किराण्याची पिशवी आणताना मुलाला ‘पावणेदोनशे म्हणजे किती?’ असे विचारले, तरी दिवेलागणीचा तो परवचा पुन्हा सुरू होतो.