कासु, कॅश आणि कॅशियर

तंजावूरला बदली झाल्यावर पहिल्याच रविवारी राजवाडा बघायला गेलो. सरस्वती महाल ग्रंथालय पाहून बाहेर आलो आणि टपरीवर चहा घेतला. मोबाइलला रेंज नव्हती, पैसे जाईनात. टपरीवाले अण्णा म्हणाले, "कासु इरुक्का, सार?" मला वाटलं, इंग्रजी 'कॅश'ला तमिळ शेपूट लावलंय. युनिटमधल्या तमिळ हवालदाराला हे हसत सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, उलटं आहे. कासु आमचा, इंग्रजांनी उचलला."

शोधल्यावर कळलं, आम्ही दोघंही पुरते बरोबर नव्हतो. रोख पैसा या अर्थाची 'कॅश' आली लॅटिन 'काप्सा'पासून, म्हणजे पेटी. इटालियन आणि फ्रेंचमधून ती इंग्रजीत पोहोचली. आधी अर्थ पैशाची पेटी, मग पेटीतला पैसा. आपला 'गल्ला' नाही का, पेटीही तोच आणि दिवसाची कमाईही तोच!

पण इंग्रजीत आणखी एक 'कॅश' आहे. हे लहान नाण्याचं नाव, आणि ते मात्र तमिळ 'कासु'वरून, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेलं. चीनच्या भोकाच्या नाण्यांनाही इंग्रजांनी हेच नाव दिलं. मद्रासच्या हिशेबात 80 कॅशचा एक फनम आणि 42 फनमचा एक स्टार पॅगोडा, म्हणजे होन.

कासु किती जुना, ते बघायला लांब जावं लागत नाही. राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. देवाला दिलेले कासु गावांना कर्जाऊ द्यायचे आणि एका कासुमागे वर्षाला एक अष्टमांश कासु व्याज घ्यायचं, असा चोख हिशेब त्यांत आहे. त्याच मंदिरात सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला.

आता तिसरा शब्द, आपल्या फौजेतला. आर्मी ॲक्टमध्ये अधिकाऱ्यांसाठी एक शिक्षा आहे, 'कॅशियरिंग'. पेन्शनीसाठी बँकेत रांग लावणाऱ्या माझ्या ज्येष्ठ दोस्तांनो, या 'कॅशियर'चा खिडकीमागच्या कॅशियरशी काही संबंध नाही. तो आला डचमधून, मूळ फ्रेंच 'कासे', म्हणजे मोडणं. हुद्दा मोडून, बेअब्रू करून नोकरीतून काढणं.

हे वाचलं आणि 1799 चा तह आठवला. व्यंकोजीराजांनी तलवारीवर मिळवलेल्या राज्याचा कारभार त्या वर्षी कंपनीने सरफोजींकडून घेतला. त्यांच्याकडे उरला किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग. बदल्यात वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. लाख पॅगोडा म्हणजे 33 कोटी 60 लाख कॅश! गल्ला भरला, हुकूम गेला. गुन्हा काही नसताना राजा कॅशियर झाला.

फौजी माणसाला पगार थकला तर एकवेळ चालतो, हुकूम गेलेला सोसत नाही. सरफोजींनी त्या पैशातून हस्तलिखितं जमवली, युरोपातून पुस्तकं मागवली. 1855 मध्ये तर नावापुरतं राज्यही खालसा झालं. ते लाख पॅगोडा केव्हाच संपले. ग्रंथालय उभं आहे.

अण्णांना दहाची नोट दिली होती. पुढच्या रविवारी सुट्टे कासु घेऊन जाणार आहे.