तुम्ही पेशंटचे कोण?

अमेरिकेत ऑनसाइटला जाऊन आलेल्या प्रत्येकाने तिकडच्या दवाखान्याच्या काउंटरवर एका कागदावर न वाचता सही ठोकलेली असते. सॉफ्टवेअर टाकताना 'आय अ‍ॅग्री' दाबतो ना, तशीच. त्या कागदामागे काय इतिहास आहे हे मला कळायला एक वाईट दिवस उजाडावा लागला.

न्यू जर्सीत असताना माझ्या रूममेटची साखर पहाटे एकदम उतरली आणि तो बेशुद्ध झाला. अ‍ॅम्ब्युलन्सने त्याला नेलं, मागून मी टॅक्सीने पोचलो. डेस्कवरच्या बाईने विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" म्हटलं, रूममेट. "सॉरी, काही सांगता येणार नाही." इकडे सांगलीहून त्याचे बाबा दर अर्ध्या तासाने फोन करत होते, "अरे, डॉक्टर काय म्हणाले?" आणि माझ्याकडे उत्तर नाही. दुपारी तो शुद्धीवर आला आणि "ह्याला सगळं सांगा" एवढं तोंडी म्हणाला. लगेच सगळी दारं उघडली.

डेस्कवरच्या बाईने जे कारण दिलं ते म्हणजे 'हिपा'. गंमत अशी की हा कायदा मुळात प्रायव्हसीसाठी झालाच नव्हता. 1996 साली क्लिंटन यांनी त्यावर सही केली तेव्हा मुख्य मुद्दा होता नोकरी बदलताना आरोग्य विमा तुटू नये हा. प्रायव्हसीचा वेगळा कायदा संसदेने तीन वर्षांत करायचा, नाही केला तर आरोग्य खात्याने नियम लिहायचे, अशी तरतूद त्यात होती. संसदेने डेडलाइन चुकवली (आपल्यातलेच निघाले!). मग खात्याने नियम लिहिले आणि 14 एप्रिल 2003 पासून बहुतेक सगळ्या हॉस्पिटलांना ते पाळणं बंधनकारक झालं.

बेशुद्ध पेशंटच्या जवळच्या माणसाला डॉक्टर आपल्या विवेकाने माहिती देऊ शकतात, असं हे नियम सांगतात. पण 'देऊ शकतात', 'दिलीच पाहिजे' नाही. काउंटरवरचा माणूस अर्थातच सुरक्षित बाजू धरतो. म्हणून वकील लोक आधीच एक 'ऑथरायझेशन' लिहून घेतात: कोणती माहिती, कोणी द्यायची, कोणाला, कशासाठी, कधीपर्यंत, आणि खाली सही-तारीख. ते पुढे लेखी रद्दही करता येतं.

इथे एक मस्त डेडलॉक आहे. तिकडे बरेच जण असं मुखत्यारपत्र करतात की "मी निर्णय घ्यायला असमर्थ झालो तरच माझ्या बहिणीने निर्णय घ्यावेत". असमर्थ झालात हे डॉक्टरने लिहून द्यायचं. पण बहिणीचा अधिकार सुरू झाल्याशिवाय डॉक्टर तिला तब्येतीबद्दल लिहून द्यायला तयार नाही, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय अधिकार सुरू होत नाही! दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत बसलेले. उपाय साधा आहे. माहिती मिळवण्याचं ऑथरायझेशन वेगळं करायचं आणि ते सहीच्या दिवसापासून लागू ठेवायचं. पण हे सांगायला वकील लागतो.

असो. माहितीचं झालं, पण निर्णयाचं काय? तो इतिहास जास्त जुना आहे आणि जास्त दुखरा. 1969 साली शिकागोचे वकील लुईस कुटनर यांनी एका लॉ जर्नलमधल्या लेखात 'लिव्हिंग विल'ची कल्पना मांडली. मृत्युपत्र मेल्यावर चालू होतं, हे जिवंतपणी. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग एप्रिल 1975 मध्ये न्यू जर्सीतलीच 21 वर्षांची कॅरन अ‍ॅन क्विन्लन एका पार्टीनंतर कोसळली. मेंदू कायमचा गेला, श्वास मशीनवर. आईवडील श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी आपल्या पाद्रीबाबांना विचारलं आणि मशीन काढायला सांगितलं. डॉक्टर नाही म्हणाले, खालचं कोर्टही नाही म्हणालं. 31 मार्च 1976 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. आधार कुठला? प्रायव्हसीचा! म्हणजे गुपित राखणं ह्या अर्थाने नाही, तर माझ्या शरीराचा निर्णय माझा ह्या अर्थाने. मशीन काढलं तर कॅरन स्वतःच श्वास घ्यायला लागली आणि 1985 पर्यंत जगली. वडिलांनी अन्नाची नळी काढायला कधीच सांगितलं नाही. त्याच 1976 साली कॅलिफोर्नियाने अशा कागदाला मान्यता देणारा अमेरिकेतला पहिला कायदा केला.

मला जास्त लागलेली गोष्ट मात्र नॅन्सी क्रूझनची. 11 जानेवारी 1983 च्या रात्री मिसुरीत तिची गाडी उलटली. वय 25. श्वास चालू, पण ती परत कधी भानावर आली नाही. काही वर्षांनी आईवडिलांनी अन्नाची नळी काढण्याची परवानगी मागितली. पुरावा काय होता? अपघाताच्या वर्षभर आधी एका हाउसमेटशी झालेल्या गप्पा, की निदान अर्धं तरी नॉर्मल जगता येत नसेल तर मला जगायचं नाही. बस्स. पहिल्या न्यायाधीशाने परवानगी दिली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फिरवली. 25 जून 1990 रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की उपचार नाकारायचा हक्क मान्य, पण पेशंटच्या इच्छेचा 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा मागायची राज्याला मुभा आहे.

विचार करा, रूममेटशी रात्री दोन वाजता चहा पीत मारलेल्या गप्पा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तोलल्या जातात आणि कमी पडतात. माझ्या त्या रूममेटने अशा कितीतरी गप्पा माझ्याशी मारल्यात!

निकालानंतर नॅन्सीच्या जुन्या नोकरीतले सहकारी पुढे आले. तेव्हा ती लग्नानंतरचं आडनाव लावायची, म्हणून बातम्यांतली नॅन्सी क्रूझन हीच हे त्यांच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या साक्षीवर डिसेंबरात परवानगी मिळाली आणि 26 डिसेंबर 1990 रोजी ती गेली. तिच्या थडग्यावर तीन तारखा आहेत: जन्माची, अपघाताच्या दिवसाची 'निघून गेली' म्हणून, आणि शांत झाल्याची.

त्याच वर्षी, मिसुरीचेच सिनेटर डॅनफर्थ यांच्या पुढाकाराने, एक केंद्रीय कायदा झाला. डिसेंबर 1991 पासून मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने पेशंटला ह्या हक्कांची माहिती देणं आणि असा कागद आहे का हे विचारणं सक्तीचं झालं. तरीही 2005 मध्ये टेरी शायव्होच्या केसमध्ये नवरा एकीकडे, आईवडील दुसरीकडे आणि मध्ये खुद्द संसद. कागद नव्हता!

आता आपल्याकडे. केईएमची नर्स अरुणा शानबाग सगळ्यांना माहीत आहे. 27 नोव्हेंबर 1973 चा हल्ला, आणि 18 मे 2015 पर्यंत वॉर्डातल्या परिचारिकांनी केलेली सेवा. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने 'नाही' म्हटलं. अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे तोच डेस्कवरचा प्रश्न: तुम्ही पेशंटचे कोण? पण त्याच निकालाने उपचार थांबवण्याचा रस्ता उच्च न्यायालयाच्या परवानगीने उघडला. 2017 च्या प्रायव्हसीच्या निकालात न्या. चेलमेश्वर यांनी उपचार नाकारणं हा प्रायव्हसीचाच भाग मानला, आणि 9 मार्च 2018 ला घटनापीठाने लिव्हिंग विल कायदेशीर ठरवलं. पण अटी अशा, की न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. कोण जाणार कोर्टात? शेवटी 24 जानेवारी 2023 ला ते सुटसुटीत झालं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. 31 मे 2024 ला गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म. श. सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवलं. गोव्यातले ते पहिलेच.

हे सगळं जेवताना आईबाबांना सांगितलं. मला वाटलं, आई अभद्र बोलू नकोस म्हणून गप्प करेल. तर तीच म्हणाली, "कधी जायचं?" नोटरीने आधी फ्लॅट कोणाच्या नावावर करायचा ते विचारलं, मग समजावून सांगितल्यावर चष्मा लावून सगळं वाचलं. साक्षीदार म्हणून शेजारचे काका-काकू आले. निर्णय घेणाऱ्यांत पहिलं नाव ताईचं, दुसरं माझं. (का ते मी विचारलं नाही.) एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे दिली, एक महापालिकेत द्यायची आहे. माझा स्वतःचा कागद अजून ड्राफ्ट फोल्डरमध्येच आहे. साक्षीदारांत त्या रूममेटचं नाव घातलंय, पण त्याला अजून फोन केलेला नाही.